टांझानियात दोन वर्षं: लांबच्या मुदतीवर जाणाऱ्या स्वयंसेवकासाठी

टांझानियातल्या शाळेत किंवा दवाखान्यात रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगेल, "उद्या साआ न्नेला या." न्ने म्हणजे चार. नवा माणूस दुपारी चारला पोचतो, आणि मीटिंग सकाळी दहालाच आटोपलेली असते. स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, तो सकाळी सहाला सुरू होतो. सात वाजले की साआ मोजा, म्हणजे पहिला तास. दहा वाजले की साआ न्ने. दुपारचे बारा म्हणजे साआ सीता. सीता हा तिथे सहाचा आकडा आहे. युक्ती सोपी आहे: घड्याळात तास काटा ज्या आकड्यावर असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. बसच्या वेळेत मात्र जास्त सावध राहा. "साआ कुमी ना मोजा अल्फाजिरी" म्हणजे अकरा नव्हे, पहाटेचे पाच. वेळ ठरवताना अशी खात्री करून घ्या: सकाळ (असुबुही), दुपार (म्चाना), संध्याकाळ (जिओनी) की रात्र (उसिकू), आणि स्वाहिली वेळ की इंग्रजी.

हे आधीच सांगायचं कारण असं की मराठी माणूस तिथे परक्या गोष्टींनी फारसा अडखळत नाही. त्या बघून तो मुळातच जपून असतो. पाय घसरतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींवर. या लेखात म्हणूनच ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

निघण्याआधीचे तीन महिने

यूएन व्हॉलंटिअर्स किंवा व्हीएसओसारख्या संस्थेतून जाणार असाल तर कागदपत्रांची वाट त्या दाखवतात. छोट्या संस्थेशी थेट ठरवलं असेल तर पहिला प्रश्न हा विचारा: "रेसिडेन्स परमिट कोण काढणार आणि कधी?" टांझानियात क्लास ए गुंतवणूकदारांसाठी, बी नोकरदारांसाठी आणि सी स्वयंसेवक, विद्यार्थी, संशोधक वगैरेंसाठी असतो. तुम्हाला सी लागतो. "आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू" असं सांगणाऱ्या संस्थेवर विसंबू नका. त्या व्हिसावर काम करताना पकडलं गेलात तर दंड आणि परत पाठवणी तुमच्या वाट्याला येते, संस्थेच्या नाही. आणखी एक खूण: काम, राहण्याची जागा, वरिष्ठ कोण, आजारपणात खर्च कोणाचा, या चारांपैकी एकाचं जरी उत्तर लेखी मिळत नसेल तर थांबा.

पासपोर्ट, पदवी, पोलिस क्लिअरन्स, लसीकरण कार्ड यांच्या प्रत्येकी चार प्रती आणि दहा-बारा फोटो सोबत ठेवा. सगळ्याचं स्कॅन स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

पिवळ्या तापाची लस विमानाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन ती देतात. कार्ड आता आयुष्यभर चालतं. "मी थेट जातोय, मला कशाला?" असं वाटेल, पण दोन वर्षांत केनिया किंवा युगांडाची एक चक्कर होतेच, आणि तिथून कार्डाशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी, धनुर्वात हे डॉक्टरांशी बोलून पूर्ण करा. गावात राहणार असाल तर रेबीजची आगाऊ लसही विचारा. कुत्रं चावल्यावर जवळच्या दवाखान्यात लस असेलच असं नाही.

ओटीपीकडे लक्ष द्या. भारतातला सिम बंद पडला की बँक, म्युच्युअल फंड, विमा सगळं एकदम कुलूपबंद होतं. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, रिचार्ज संपण्याच्या तारखा घरी कोणाला तरी लिहून द्या, आणि जिथे जमेल तिथे ओटीपी ईमेलवरही येईल असं करून ठेवा.

बॅग

टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि त्या विमानतळावरच काढून घेतात. कंपनीच्या सीलबंद पाकिटांना अडचण नाही. आईने तीन पिशव्यांत गाठी मारून दिलेलं लोणचं मात्र उघड्यावर येतं. स्टीलचे किंवा घट्ट झाकणाचे डबे घ्या.

प्रेशर कुकर न्याच. तीन लिटरचा, आणि त्यासोबत दोन रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. कुकर तिकडे शहरात मिळतो, पण तुमच्या मापाची रिंग जिल्ह्याच्या गावात मिळेल या भरवशावर राहू नका. तिथे राजमा, म्हणजे माहारागे, हे रोजचं जेवण आहे आणि कोळशाच्या शेगडीवर तो दोन-तीन तास घेतो. आठ तास भिजवून कुकरला लावला तर कोळसा आणि संध्याकाळ दोन्ही वाचतात.

हळद, जिरं, धने नेण्यात जागा घालवू नका. तिथे ते म्हणजे मांजानो, बिझारी न्येंबांबा आणि गिलिगिलानी. काळा किंवा गोडा मसाला, आमसूल, हिंग मात्र न्या. चिंच (उक्वाजू) आणि नारळ (नाझी) किनाऱ्यावर भरपूर.

वीज २३० व्होल्ट, आपल्यासारखीच, म्हणून चार्जर चालतात. पण सॉकेट चौकोनी तीन पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे. दोन अडॅप्टर आणि एक आपल्याकडची एक्स्टेन्शन बोर्ड पुरते. आणि स्वेटर. आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीने पुण्याहून फक्त सुती कपडे नेणारे इरिंगा किंवा म्बेयाला जून-जुलैत कुडकुडतात. हा सगळा उंचावरचा प्रदेश आहे. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार-खिडकी लावू नका. कोळशाच्या वायूने माणसं झोपेतच जातात.

पहिला आठवडा: सिम, पैसे, वीज

सिम बोटांचे ठसे देऊन पासपोर्टवर नोंदवावं लागतं. रस्त्यावर दुसऱ्याच्या नावाचं तयार सिम मिळालं तरी घेऊ नका, कारण तुमचा मोबाइल पैशांचा बटवाही होणार आहे. एम-पेसा, एअरटेल मनी वगैरेंवर भाडं, भाजी, वीज सगळं चालतं. पैसे भरायला आणि काढायला कोपऱ्यावरच्या वाकालाकडे, म्हणजे एजंटाकडे जायचं. पैसे काढताना शुल्क लागतं. म्हणून दुकानदार म्हणतो, "ना या कुतोलेआ", म्हणजे काढणावळही वर घालून पाठव. हा फसवणुकीचा प्रकार नव्हे, रीत आहे. भाव ठरवतानाच ते धरलंय का ते विचारा.

एका रुपयाला साधारण तीस शिलिंग धरून हिशेब करा. शून्यं बघून घाबरायला होतं, पण सगळ्यांत मोठी नोट दहा हजाराची, म्हणजे आपले साडेतीनशेच्या आतबाहेर. मोठ्या रकमेत मराठी माणसाची सोय आहे: एक लाखाला तिथेही लाकीच म्हणतात. घरभाडं "लाकी ना नुसू" म्हणजे दीड लाख शिलिंग. घरमालक सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं भाडं एकदम मागतात. घर शक्यतो संस्थेमार्फत घ्या आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

विजेचा मीटर बहुतेक ठिकाणी प्रीपेड, त्याला लुकू म्हणतात. मोबाइलवरून पैसे भरले की वीस आकडी टोकन येतं, ते मीटरवर दाबायचं. भरलेल्या पैशांपेक्षा युनिट कमी आले तर भांडायला जाऊ नका. मिळकत कराचा हप्ताही त्यातूनच कापतात. शुक्रवारी संध्याकाळी शिल्लक बघायची सवय लावून घ्या.

दादा म्हणजे ताई

पहिल्या दिवशी स्वाहिली ऐकताना घरी आल्यासारखं वाटतं. गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, हेसाबू म्हणजे हिशेब, साबुनी, रांगी, पेसा, चाय, चपाती, लोणच्याला अचारी, भज्यांना बाजिया, विम्याला बिमा. सरकारी शिक्का म्हणजे मुहुरी, आपली मोहोर. अरबी, फारसी आणि हिंदी महासागरातल्या शेकडो वर्षांच्या व्यापाराची ही कमाई.

आता नाती बघा. बाबा म्हणजे वडील, इथपर्यंत ठीक. मामा म्हणजे आई. काका म्हणजे मोठा भाऊ. आणि दादा म्हणजे मोठी बहीण! बस कंडक्टरला प्रेमाने "दादा" म्हणालात तर सगळी बस हसेल. तरुण पुरुषाला काका, तरुण बाईला दादा, आईच्या वयाच्या बाईला मामा, वडीलधाऱ्या पुरुषाला म्झे किंवा बाबा. दोन आठवडे जिभेला उलटं वळण लावावं लागतं. आईच्या भावाला, म्हणजे आपल्या मामाला, तिथे म्जोंबा म्हणतात.

मागण्याची भाषाही तपासून घ्या. "मला चहा पाहिजे" हे वाक्य शब्दशः "नाताका चाय" होतं आणि कानाला उर्मट लागतं. "नाओंबा चाय" म्हणा, म्हणजे चहाची विनंती करतो. "लग्न झालं का?", "मुलं किती?" हे प्रश्न सतत येतील, नसतील तर "हपाना" (नाही) म्हणू नका, "बाडो" म्हणा, अजून नाही. सत्तरीच्या अविवाहित माणसालाही बाडोच शोभतं. आणि "पोले". तुम्हाला ठेच लागली, ताप आला, भर उन्हात चालत आलात, की ज्यांचा काहीच दोष नाही ते लोकही पोले म्हणतात. ती माफी नव्हे, सहानुभूती आहे. उत्तर "असांते" एवढंच.

सगळ्यांत जास्त मेहनत अभिवादनावर घ्या. मोठ्या माणसाला आधी "शिकामो" म्हणायचं, ते "मराहाबा" म्हणतात. हे चुकवलं तर तुमची पदवी, अनुभव, हसरा चेहरा काही कामाला येत नाही. कुणाच्या घरी गेलात तर दार वाजवून आत डोकावू नका. अंगणातूनच हाक द्या:

"होडी!"
"करिबू!"
"शिकामो, मामा."
"मराहाबा. हबारी झा न्युंबानी?" (घरी कसं काय?)
"न्झुरी."
"ना काझी?" (आणि काम?)
"न्झुरी तू. वातोतो हावाजांबो?" (छान. मुलं बरी?)
"हावाजांबो."

यानंतर एखादं पोले, पावसाची चौकशी, आणि मग काम. बरोबरीच्या पोरांमध्ये "मांबो?" "पोआ" एवढं पुरतं, पण ते हेडमास्तरांना म्हणू नका. ऑफिसात शिरून थेट "त्या फाइलचं काय झालं?" असं विचारलं की फाइल आणखी आठवडाभर हलत नाही.

रोज दहा शब्द, तीन महिने. उच्चाराला सोपा नियम: जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. म्झे, न्ने यांतला म आणि न सुटा, नाकातून म्हणायचा.

म्हिंदी असण्याचा अर्थ

तुम्हाला हाक मारतील ती म्हिंदी, म्हणजे भारतीय. (माहिंदी म्हणजे मका. या दोन शब्दांचा गोंधळ करून झालेले विनोद तुम्ही दोन वर्षं ऐकणार आहात.) गोऱ्या स्वयंसेवकाला लोक पाहुणा समजतात. तुम्हाला आधी दुकानदार समजतील. किनाऱ्यावर आणि शहरांत गुजराती, इस्माइली, बोहरा व्यापारी पिढ्यान् पिढ्या आहेत, वसाहतकाळात गोव्याचे लोक सरकारी कारकुनीत होते. १९६७च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर बँका आणि मोठे उद्योग, आणि १९७१च्या कायद्याने भाड्याच्या मोठ्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांत कितीतरी भारतीय मालकांच्या होत्या आणि बरीच कुटुंबं देश सोडून गेली. म्हणून "बॉस, तुझं दुकान कुठे?" या प्रश्नात थट्टा असते, थोडा जुना राग असतो आणि थोडी अपेक्षाही. चिडू नका, लांबलचक खुलासा करू नका. "सिना दुका, नी म्वालिमू" (दुकान नाही, मी शिक्षक) असं हसून सांगा. म्वालिमू या शब्दाला तिथे वजन आहे. राष्ट्रपिता ज्युलियस न्येरेरेंना देश त्याच नावाने ओळखतो.

उलट बाजूही सांभाळा. शहरातल्या भारतीय कुटुंबांकडून जेवणाचं आमंत्रण येईल, वरणभात मिळेल, आणि नोकरांविषयीची बोलणीही कानावर येतील. तिथे जाऊ नये असं नाही. पण प्रत्येक शनिवार-रविवार तिथेच जायला लागलात तर तुमची स्वाहिली वाढत नाही, आणि गाव ते टिपून ठेवतं.

ताट

उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. कोंडा काढलेल्या पांढऱ्या पिठाला सेंबे, अख्ख्या दाण्याच्या पिठाला डोना. भाकरीवर वाढलेल्या पोटाला डोना जास्त मानवतं. उजव्या हाताने लिंबाएवढा गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. जेवणाआधी कुणीतरी तांब्याने तुमच्या हातावर पाणी घालेल. बसून राहा, हात पुढे करा.

शाकाहाऱ्यांनी नीट सांगायला शिकावं. "सिली न्यामा" म्हणालात तर कोंबडी येईल, कारण न्यामा म्हणजे बोकड किंवा बैलाचं मटण. "सिली न्यामा, कुकू, वाला सामाकी" असं तिन्ही नावं घेऊन सांगा, आणि राजम्यात मटणाचा रस्सा घातलाय का तेही विचारा. डाळींची मात्र ददात नाही: चोरोको म्हणजे मूग, कुंडे म्हणजे चवळी, डेंगू म्हणजे हरभरा, म्बाझी म्हणजे तूर. टांझानियाची तूर जहाजं भरून भारतात येते. तिथल्या बाजारात ती अख्खी मिळते, डाळ मात्र शहरातल्या भारतीय दुकानात. म्चिचा हा आपला माठ. सुकट आवडणाऱ्यांनी दागा शोधावा.

पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. खळखळ उकळी आली की एक मिनिट, उंचावरच्या गावात तीन.

ताप आला तर

इथला हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे दोन दिवसांत जीवावर बेतू शकणारा. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं तर ते जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायचं असतं. बहुतेक जण चौथ्या-पाचव्या महिन्यात "आता सवय झाली" म्हणून गोळ्या सोडतात. हिवतापाची प्रतिकारशक्ती अशी सवयीने येत नाही. स्थानिक मोठ्या माणसांत ती लहानपणापासूनच्या वारंवार आजारातून आलेली असते. मच्छरदाणी औषध लावलेली हवी आणि कडा गादीखाली खोचलेल्या.

ताप आला की त्याच दिवशी रक्ताची झटपट चाचणी. चाचणी निगेटिव्ह आली तरी ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा. पॉझिटिव्ह आली तर म्सेटो, म्हणजे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन, तीन दिवसांचा पूर्ण कोर्स, पोटात थोडं तूप-तेलाचं जाऊन, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. अनेकदा नुसती विडाल चाचणी पॉझिटिव्ह म्हणून टायफॉइडची औषधं दिली जातात. आपल्याकडेही हेच चालतं. शंका असेल तर मोठ्या इस्पितळात जा. विम्यात हवाई रुग्णवाहिका आहे का ते आधीच बघून ठेवा. या भागात आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स नैरोबीहून उडतात.

दोरीवर वाळवलेले कपडे दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करा, अंतर्वस्त्रंसुद्धा, शिवणीवर आणि इलॅस्टिकवर जास्त वेळ. आंब्याची माशी म्हणतात ती ओलसर कापडावर अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि आठवड्याभरात तोंड असलेला फोड येतो. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या उथळ पाण्यात उतरू नका. गोगलगायींमधून येणारा किचोचो, म्हणजे बिल्हार्झिया, तिथेच लागतो.

काम सुरू करताना

गावात काम असेल तर आधी जिल्हा कार्यालयाचं पत्र, मग काटा म्हणजे वॉर्डाचं कार्यालय, मग गावचे म्तेंडाजी (आपले ग्रामसेवक समजा) आणि म्वेन्येकिटी (सरपंच). प्रत्येक टेबलावर पाहुण्यांची वही असते, तिच्यात सही. ही साखळी टाळून थेट शाळेत गेलात तर हेडमास्तर गोड बोलतील, पण काहीही होणार नाही. पत्रावर मुहुरी नसेल तर ते पत्रच नव्हे.

बैठका, प्रशिक्षणं ठरवताना पोशोचा, म्हणजे भत्त्याचा, प्रश्न येणारच. संस्थेचं धोरण आधी विचारून घ्या आणि निमंत्रणातच लिहा. ऐनवेळी "भत्ता नाही" कळलं की लोक चहा पिऊन उठतात. पहिले सहा आठवडे नवीन काहीही सुरू करू नका. आधीच्या स्वयंसेवकाने काय सुरू केलं होतं आणि ते का बंद पडलं हे तीन वेगवेगळ्या माणसांना विचारा. तीन वेगळी उत्तरं मिळतील.

लग्नाला आणि मयताला म्चांगो, म्हणजे वर्गणी, मागतात. मयताला, म्सिबाला, जाणं चुकवू नका. काही न बोलता तासभर चटईवर बसलात तरी पुरे. रक्कम सहकाऱ्यांना विचारून त्यांच्याएवढीच द्या. जास्त दिलीत तर पुढचे सगळे आकडे त्यावर ठरतात. उसने पैसे मागणाऱ्यांसाठी एक नियम ठरवा आणि सगळ्यांना तोच लावा.

तिसरा ते पाचवा महिना

नवलाई संपलेली, भाषा अर्धवट, पाऊस सुरू, वीज गेलेली. कोणत्या खूणा बघायच्या: सहकाऱ्यांविषयी मनातल्या मनात "हे लोक" असं बोलायला लागणं, सुट्टीत दिवसभर मोबाइलवर मराठी मालिका, विनाकारण झोप. हे अपयश नाही, पण आपोआपही जात नाही. आठवड्यातला एक ठरलेला फोन ठेवा. टांझानिया अडीच तास मागे आहे, तिथले साडेपाच म्हणजे घरी रात्रीचे आठ. तुमच्या रात्री नऊला फोन केलात तर घरचे झोपेतून उठून काळजी करतात. एक काम असं घ्या ज्याचा संस्थेशी संबंध नाही: मैदानावर व्हॉलिबॉल, शेजारणीकडे चपात्या लाटणं, चर्चचं किंवा मशिदीजवळच्या चहावाल्याचं बाक. आणि एकदा तीन दिवस गाव सोडून या. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, बसण्याआधी भाडं ठरवा आणि हेल्मेट मागा. तीन चाकांच्या बाजाजीत, जी पुण्याच्या बजाजचं नाव लावून फिरते, जरा हायसं वाटतं.

झोप, भूक आणि कामाचा कंटाळा तीन आठवडे तसाच राहिला तर संस्थेच्या डॉक्टरांना सांगा. हिवतापासाठी मेफ्लोक्विन घेत असाल तर तेही सांगा, त्याने मन खिन्न होऊ शकतं.

निघताना

शेवटचे सहा आठवडे नवं काम घेऊ नका. चाव्या, पासवर्ड, वह्या कोणाकडे ते लिहून द्या. निरोप घ्यायला घरोघर जावं लागतं. न सांगता गेलेल्या माणसाची आठवण वर्षानुवर्षं वाईटच निघते. चार दिवस त्यासाठीच राखून ठेवा.

भेट म्हणून घरच्यांसाठी कांगा, म्हणजे बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील सुती कापड, घ्याल. ती जोडीने येते, मधून कापून कडा शिवून घ्यायच्या. कितीतरी कांगा भारतातच छापून तिकडे जातात. पण प्रत्येक कांगेच्या खालच्या काठावर एक वाक्य छापलेलं असतं, कधी आशीर्वाद, कधी शेजारणीला मारलेला टोमणा. सासूबाईंसाठी घेण्याआधी दुकानातल्या बाईकडून ते वाचून घ्या.